यादी म्हणजे आठवण

(नभोवाणी भाषणाचं संपादित रूप)

'यादी' हा शब्द आपल्या घरात रोज वापरला जातो, पण तो मूळचा फारसी आहे हे आपण विसरून गेलो आहोत. त्याच्या पोटात 'याद' आहे. याद म्हणजे आठवण. जे विसरून चालणार नाही ते कागदावर उतरवलं, की त्याची यादी होते. वाण्याकडे पाठवायची महिन्याच्या सामानाची यादी, लग्नात कुणी काय आहेर केला त्याची यादी, निमंत्रणाची यादी, मतदारांची यादी. आपल्याकडे तर 'यादी पे शादी' असा एक झकास वाक्प्रचारच रूढ आहे. देण्याघेण्याची यादी करायला म्हणून दोन्हीकडची मंडळी जमतात आणि त्याच बैठकीत लग्न उरकून टाकतात. खर्च वाचतो आणि रुसवेफुगवेही टळतात.

आज मी ज्या यादीविषयी बोलणार आहे ती मोबाइलमधली आहे. समाजमाध्यमांवर आपण शेकडो माणसांना, संस्थांना, वर्तमानपत्रांना, सरकारी खात्यांना 'फॉलो' करतो. व्हॉट्सअॅपवर पंचवीस-तीस गटांत आपण असतो. काही गटांत आपण स्वतः गेलेलो असतो, काहींत आपल्याला न विचारता बसवलेलं असतं. या सगळ्या गर्दीला कप्पे पाडण्याची एक साधी सोय बहुतेक अॅपमध्ये आहे. तिचं नाव 'लिस्ट', म्हणजे यादीच. ती सोय फार थोडे लोक वापरतात. ती काय आहे, कशी वापरावी आणि वापरताना कुठे सांभाळावं, हे आज सांगायचं आहे.

आधी गर्दीचं म्हणू. माझ्या परिचयाचे एक निवृत्त शिक्षक आहेत. त्यांच्या जुन्या शाळेचा व्हॉट्सअॅपवर गट आहे, दीडशे माणसांचा. एके दिवशी सकाळी सातच्या सुमाराला गटावर बातमी आली, की त्यांच्याबरोबर बावीस वर्षं एकाच स्टाफरूममध्ये बसलेले सहकारी गेले. अकरा वाजता अंत्यविधी होता. पण त्या दिवशी कसलासा सण होता. बातमीच्या खाली शुभेच्छांची फुलं, दिवे, सुविचार, एक लांबलचक चित्रफीत आणि तिच्यावरचे पन्नास अंगठे असं सगळं साचत गेलं. गुरुजींनी मोबाइल पाहिला नाही असं नाही, चार वेळा पाहिला. पण दोनशे संदेश वर सरकवत जाण्याचा धीर त्यांना झाला नाही. बातमी त्यांना कळली दुसऱ्या दिवशी संध्याकाळी. ते मला म्हणाले, "निरोप माझ्या खिशात होता हो, आणि मला पोहोचला नाही."

खिशात असलेला निरोप न पोहोचणं, ही आपल्या काळाची नवी अडचण आहे. पूर्वी अडचण वेगळी होती. पत्र हरवायचं, तार उशिरा यायची, फोन लागायचा नाही. तेव्हा निरोप कमी होते, आता निरोपांना तोटा नाही. अमेरिकन अर्थशास्त्रज्ञ हर्बर्ट सायमन यांनी १९७१ सालीच हे ओळखलं होतं. माहिती जितकी वाढेल तितकं माणसाचं लक्ष कमी पडेल, कारण माहिती माणसाचं लक्षच खाते, असा त्यांच्या म्हणण्याचा आशय होता. त्या वेळी मोबाइल नव्हता, इंटरनेटही सामान्यांच्या हाती नव्हतं. पण गणित तेच आहे. ताट एकच, वाढणारे हजार.

आता या वाढण्याचा क्रम कोण ठरवतं ते पाहू. फेसबुकने आपली 'न्यूज फीड' २००६ साली सुरू केली. ट्विटरही त्याच वर्षी आलं. ट्विटरवर सुरुवातीची अनेक वर्षं क्रम सोपा होता. ज्याने आत्ता लिहिलं तो वर, ज्याने काल लिहिलं तो खाली. पुढे माणसं वाढली, पोस्ट वाढल्या आणि क्रम लावण्याचं काम संगणकाकडे गेलं. २०१६ साली ट्विटरने आणि इन्स्टाग्रामनेही काळाचा क्रम मागे ठेवून 'तुम्हाला काय आवडेल' या अंदाजाने पोस्ट दाखवायला सुरुवात केली. हा अंदाज कशावरून? तुम्ही कशावर थांबलात, कशाला अंगठा दिलात, कशावर भांडलात, कोणती चित्रफीत शेवटपर्यंत पाहिलीत, यावरून.

वरवर पाहता यात वाईट काही नाही. पण बारकाईने पाहा. तुम्ही कशावर थांबलात हे यंत्राला कळतं, का थांबलात हे कळत नाही. रस्त्यात अपघात झाला तर आपण थांबतोच. म्हणून रोज सकाळी दारात कुणी अपघात आणून दाखवावा असं आपल्याला वाटत नाही. ज्याने आपण चिडतो, घाबरतो, हळहळतो ते आपल्याला जास्त वेळ धरून ठेवतं, म्हणून तेच पुन्हा पुन्हा समोर येत राहतं. आणि जो माणूस वर्षातून चार वेळा, हळू आवाजात, कामाचं काही लिहितो, तो तळाशी जातो.

वर्गवारी हे काम किती मोठं आहे याचं एक उदाहरण देतो. आपल्या पत्त्याखाली आपण सहा अंकी पिनकोड लिहितो. ही पद्धत १५ ऑगस्ट १९७२ रोजी सुरू झाली. तिचे जनक श्रीराम भिकाजी वेलणकर. ते टपाल खात्यातले वरिष्ठ अधिकारी होते आणि संस्कृतात कविता आणि नाटकं लिहिणारे लेखकही होते. मला स्वतः कवी म्हणून या गोष्टीचं फार अप्रूप वाटतं. अडचण अशी होती की देशात एकाच नावाची अनेक गावं. आपल्या महाराष्ट्रातच वडगाव किती आणि पिंपळगाव किती, मोजून पाहा. त्यात पत्ते वेगवेगळ्या लिप्यांत, अक्षर कुणाचं कसं. वेलणकरांनी देशाचे कप्पे पाडले. पहिला अंक विभागाचा, दुसरा उपविभागाचा, तिसरा टपाल छाटणीच्या जिल्ह्याचा आणि शेवटचे तीन अंक पोस्ट ऑफिसचे. महाराष्ट्र, गोवा, मध्य प्रदेश आणि छत्तीसगड यांचा पहिला अंक ४. पत्रात काय लिहिलंय हे न वाचता पत्र कुठे जायचं ते ठरू लागलं.

छाटणी करणारा कारकून पत्रं पत्त्याप्रमाणे लावतो. आता कल्पना करा, त्याने पत्ता बाजूला ठेवला आणि ठरवलं की ज्या पाकिटाकडे हा माणूस टक लावून बघेल ते सर्वांत वर ठेवायचं. मग आईचं आंतर्देशीय पत्र खाली जाईल आणि लॉटरीची जाहिरात वर येईल. आपल्या मोबाइलमध्ये आज थोडंफार असंच चाललेलं आहे. यादी करणं म्हणजे छाटणीचं काम काही वेळापुरतं पुन्हा आपल्या हातात घेणं.

आता प्रत्यक्ष यादीकडे येऊ.

ट्विटरने याद्यांची सोय २००९ च्या शेवटी दिली. २०२३ च्या जुलैमध्ये ट्विटरचं नाव 'एक्स' झालं, पण याद्या राहिल्या. तिथे यादी म्हणजे एक कप्पा. त्याला तुम्ही नाव देता, समजा 'पाऊस'. मग ज्या खात्यांच्या पोस्ट त्या कप्प्यात हव्यात ती खाती एकेक करून त्यात घालता. तो कप्पा उघडला की फक्त त्याच खात्यांच्या पोस्ट दिसतात. बाकीची जत्रा बाहेर राहते. एका यादीत ५,००० पर्यंत खाती बसतात आणि एका माणसाला १,००० पर्यंत याद्या करता येतात. अर्थात एवढ्या याद्या करणाऱ्याला आधी याद्यांचीच यादी करावी लागेल. रोज लागणाऱ्या पाच याद्या पहिल्या पानाच्या माथ्यावर टाचून ठेवता येतात.

यात दोन गोष्टी लक्षात ठेवण्यासारख्या आहेत. पहिली, एखाद्याला यादीत घालायला त्याला फॉलो करावं लागत नाही. म्हणजे रेल्वेचं खातं तुम्हाला रोज नको असेल, फक्त प्रवासाच्या दिवशी हवं असेल, तर ते यादीत ठेवा आणि फॉलो करू नका. दुसरी, यादी खाजगी ठेवता येते किंवा जाहीर करता येते. जाहीर यादी इतरांना दिसते, आणि ज्याला यादीत घातलं त्यालाही तसं कळवलं जातं. खाजगी यादी फक्त तुम्हालाच दिसते.

फेसबुकवर मित्रांच्या याद्या २००७ साली आल्या. पूर्वी एकेका यादीतल्या मित्रांच्या पोस्ट वेगळ्या वाचता यायच्या. ती सोय फेसबुकने २०१८ च्या ऑगस्टमध्ये काढून टाकली. नंतर 'फेव्हरिट्स' आलं. त्यात ३० पर्यंत मित्र किंवा पानं निवडली की त्यांच्या पोस्टना वरची जागा मिळते. इन्स्टाग्रामने २०२२ च्या मार्चमध्ये अशीच सोय दिली. तिथे ५० पर्यंत खाती निवडता येतात, आणि तुम्ही कुणाला निवडलंत किंवा वगळलंत हे त्याला कळत नाही. टेलिग्रामवर २०२० पासून फोल्डर आहेत. आणि आपल्या सर्वांच्या व्हॉट्सअॅपवर २०२४ च्या ऑक्टोबरअखेरीस याद्या आल्या. चॅटच्या पानावर वरच्या बाजूला 'ऑल', 'अनरीड' असे शब्द दिसतात, त्यांच्याच शेजारी आपल्या नावाची यादी करून ठेवता येते. तिच्यात माणसंही घालता येतात आणि गटही. ही यादी इतर कुणाला दिसत नाही.

इथे एक घोटाळा नेहमी होतो, तो आधीच दूर करतो. याद्या दोन प्रकारच्या असतात. एक ऐकण्याची यादी आणि दुसरी बोलण्याची यादी. आतापर्यंत सांगितल्या त्या ऐकण्याच्या याद्या, म्हणजे कुणाचं म्हणणं आपल्यापर्यंत यावं ते ठरवणाऱ्या. बोलण्याची यादी म्हणजे आपलं म्हणणं कुणापर्यंत जावं ते ठरवणारी. इन्स्टाग्रामवरचं 'क्लोज फ्रेंड्स', जे २०१८ साली आलं, ते बोलण्याच्या यादीचं उदाहरण. व्हॉट्सअॅपची 'ब्रॉडकास्ट लिस्ट' हीसुद्धा बोलण्याचीच यादी. एकच निरोप २५६ पर्यंत लोकांना एकेकट्याने जातो, गट न करता. पण ज्याने तुमचा नंबर आपल्या मोबाइलमध्ये साठवून ठेवला आहे त्यालाच तो पोहोचतो. मुलीच्या लग्नाचं आमंत्रण अशा यादीने पाठवून 'सगळ्यांना कळवलं' म्हणत निर्धास्त बसलेली माणसं मी पाहिली आहेत. अर्ध्यांना ते गेलेलंच नसतं.

मग यादी कशी करावी? पहिला मोह विषयवार याद्या करण्याचा होतो. राजकारण, क्रिकेट, सिनेमा, साहित्य. त्या करायला हरकत नाही, पण त्या लवकरच मूळ गर्दीइतक्याच फुगतात. माझा अनुभव असा, की यादी विषयावरून करण्यापेक्षा ती कधी उघडणार आहोत यावरून करावी. किराण्याची यादी महिन्याच्या पहिल्या तारखेला लागते, निमंत्रणाची यादी लग्नाच्या वेळी. तसंच इथेही.

'पाऊस' या यादीचंच उदाहरण घ्या. कोल्हापूरकरांना पंचगंगेचे दोन आकडे पाठ असतात. राजाराम बंधाऱ्यापाशी ३९ फूट ही इशारा पातळी, ४३ फूट ही धोका पातळी. २०१९ च्या ऑगस्टमध्ये आणि पुन्हा २०२१ च्या जुलैमध्ये नदीने ५५ फुटांची पातळी ओलांडली. त्याच २०२१ च्या जुलैत, २२ तारखेला, चिपळूण शहर पाण्याखाली गेलं. अशा रात्री मोबाइलवर काय काय येतं ते आपण सर्वांनी अनुभवलं आहे. धरण फुटल्याच्या अफवा येतात, दुसऱ्याच कुठल्या वर्षीच्या आणि दुसऱ्याच कुठल्या राज्यातल्या चित्रफिती येतात. 'पुढे पाठवा, जीव वाचवा' अशी विनवणीही येते. त्या गोंधळात खरी सूचना कुठे आहे हे शोधण्याची ती वेळ नव्हे. ते शोधकाम उन्हाळ्यातच करून ठेवायला हवं.

या यादीत आठ-दहा खाती पुरतात. भारतीय हवामान विभाग आणि त्याचं मुंबईचं प्रादेशिक केंद्र, आपल्या जिल्ह्याचं माहिती कार्यालय, जिल्हा पोलीस, महानगरपालिका किंवा नगरपालिका, राष्ट्रीय आपत्ती प्रतिसाद दल, मध्य किंवा कोकण रेल्वे, आणि आपल्या भागातलं एखादं विश्वासाचं वर्तमानपत्र. खातं घालताना ते खरं आहे ना ते तपासावं. एक्सवर निळी खूण आता पैसे भरूनही मिळते, तेव्हा निळी खूण म्हणजे सरकारी खातं असं समजू नये. सरकारी खात्यांसाठी करडी खूण आहे. सर्वांत बरा मार्ग म्हणजे त्या खात्याच्या अधिकृत संकेतस्थळावर दिलेला दुवा पाहून तिथूनच जावं.

आणि हवामान विभागाच्या इशाऱ्यांचे रंगही एकदा समजून घ्यावेत. हिरवा म्हणजे काही करण्याची गरज नाही. पिवळा म्हणजे लक्ष ठेवा. केशरी म्हणजे तयारीत राहा. लाल म्हणजे आता कृती करा. ज्याच्याकडे ही छोटी यादी आहे त्याला पुराच्या रात्री आठशे पोस्ट चाळाव्या लागत नाहीत. तो आठ पोस्ट वाचतो आणि शेजाऱ्याला सांगतो. एका गल्लीत असा एक जरी माणूस असला, तरी ती गल्ली अफवेला बळी पडत नाही.

दुसरी यादी मी 'घरची' म्हणतो. व्हॉट्सअॅपवर करायची. तिच्यात गट नाहीत, फक्त माणसं. आईवडील, भावंडं, मुलं, जवळचे चार स्नेही, घरमालक किंवा सोसायटीचे चिटणीस, आणि आपले डॉक्टर. दिवसातून दोनदा ही यादी आधी उघडायची, मग बाकीचं जग.

तिसरी यादी 'दुःखसुखाची'. मघाशी सांगितलेल्या गुरुजींनी हीच केली. त्यांनी शाळेतल्या सहा-सात जणांना विनंती केली, की कुणाचं काही बरंवाईट झालं तर गटावर टाकाच, पण मला वेगळंही कळवा. त्या सहा-सात जणांची त्यांनी यादी केली. माझ्या मते या गोष्टीतलं सर्वांत शहाणपणाचं पाऊल ती विनंती होतं. यादी मोबाइलमध्ये होते, पण तिच्या मागचं नातं मोबाइलच्या बाहेरच करावं लागतं. दफनाला किंवा दहनाला वेळेवर पोहोचणं ही आपल्याकडे छोटी गोष्ट नाही. राहिलेला खांदा पुढे कधी देता येत नाही.

चौथी यादी हळू बोलणाऱ्यांची. आपल्या ओळखीत अशी माणसं असतात जी क्वचित लिहितात. खेड्यातला एखादा कवी रात्री बारा वाजता चार ओळी टाकतो, त्याला तीन अंगठे मिळतात आणि तो गप्प होतो. एखादा शेतकरी मित्र आपल्या कांद्याचा फोटो टाकतो, खाली भाव लिहितो, एवढंच. एखादी निवृत्त परिचारिका औषधाविषयी मोलाचं दोन वाक्यांत सांगते. यंत्राच्या हिशेबात या माणसांना भाव नाही, कारण त्यांच्यापाशी कुणी घुटमळत नाही. त्यांना एका यादीत ठेवलं की महिन्यातून एकदा का होईना, आपण त्यांच्या दारात जातो. आणि गेलो की दोन शब्द लिहावेत. गप्प होत चाललेल्या माणसाला दोन शब्दांचा किती आधार असतो हे लिहिणाऱ्याला विचारा.

पाचवी यादी जरा कठीण आहे. ज्यांची मतं आपल्याला पटत नाहीत, पण जे शिवी न देता बोलतात, अशांची. यादीचा मोठा धोका हा की आपण आपल्याच आवडीच्या माणसांची भिंत बांधून आत बसतो. यंत्र एक भिंत बांधतंच, वर आपण दुसरी कशाला बांधायची? म्हणून या यादीत दहा जण असावेत आणि आठवड्यातून एकदा त्यांचं म्हणणं वाचावं. उत्तर देण्याची घाई नको. नुसतं वाचावं.

आता यादीची दुसरी बाजू. आपण जशा याद्या करतो तसे लोकही आपल्याला यादीत घालतात. माझंच सांगतो. कुणी मला 'मराठी कवी' या यादीत घातलं आहे, कुणी 'मुस्लिम लेखक' या यादीत, आणि एका गृहस्थांनी 'नजर ठेवा' अशा नावाच्या यादीत. पहिल्या दोन्ही गोष्टी खऱ्या आहेत. मी मुसलमान आहे, मराठीत कविता लिहितो. पण पावसावर किंवा आंब्याच्या मोहरावर कविता लिहिली तर ती कोणत्या यादीत वाचली जाते, असा प्रश्न मनात येतोच. आणि तिसऱ्या यादीचं नाव वाचून क्षणभर हात थबकतो. आपण काय केलं, असं माणूस स्वतःलाच विचारतो.

ही भीती माझ्या एकट्याची नाही. २०१७ च्या फेब्रुवारीत ट्विटरने जाहीर केलं की यापुढे कुणाला यादीत घातलं तर त्याला कळवणार नाही. लोक खवळले. याद्या करून माणसांना त्रास देणारे लोक असतात, तेव्हा आपल्याला कुठे घातलं आहे हे कळलंच पाहिजे, असं त्यांचं म्हणणं होतं. कंपनीने तो निर्णय त्याच दिवशी, काही तासांत मागे घेतला. आजही कुणी आपल्याला नकोशा जाहीर यादीत घातलं, तर त्या माणसाला 'ब्लॉक' करावं. मग आपलं नाव त्याच्या यादीतून निघतं. नाव निघालं की पुढचं मनावर घेऊ नये, हे आपलं आपल्याला सांगावं.

म्हणून माझी एक विनंती आहे. यादी कामाची करा. माणसाची जात, धर्म, भाषा, गाव यावरून नको. 'पाऊस', 'शेतीभाव', 'नवी पुस्तकं', 'रक्तदाते' या याद्यांत माणूस काय करतो, काय देतो ते दिसतं. 'अमक्या जमातीचे लोक' या यादीत माणूस दिसत नाही, नुसती चिठ्ठी दिसते. आणि जाहीर यादीचं नाव ठेवताना असा विचार करावा, की ज्याला आपण यात घालतो आहोत त्याने हे नाव वाचलं तर त्याला कसं वाटेल? वाईट वाटणार असेल तर ती यादीच करू नये.

देखभालीविषयी दोन शब्द. ग्रंथालयशास्त्राचे आचार्य डॉ. एस. आर. रंगनाथन यांनी १९३१ साली ग्रंथालयाचे पाच नियम मांडले. वाचकाचा वेळ वाचवा हा त्यातला चौथा, आणि ग्रंथालय ही वाढणारी, जिवंत गोष्ट आहे हा पाचवा. हे दोन्ही नियम आपल्या याद्यांना लागू पडतात. यादी वेळ वाचवत नसेल तर ती निरुपयोगी. आणि ती जिवंत ठेवायची तर वर्षातून दोनदा तिची खुरपणी हवी. पावसाळ्याआधी एकदा, दिवाळीच्या साफसफाईत एकदा. कुणी लिहिणं सोडलं असेल, कुणाचं खातं दुसऱ्याच्या हाती गेलं असेल, एखादं सरकारी खातं बदललं असेल. ते काढा, नवं घाला. यादीतली नावं पन्नासच्या वर गेली की समजा, पुन्हा गर्दी झाली.

आणखी एक. या याद्या ज्या कंपन्यांच्या घरात आपण ठेवतो ते घर आपलं नाही. लेख आणि बातम्या कप्प्यांत लावून वाचण्यासाठी 'गूगल रीडर' नावाची फार चांगली सोय होती. ती २०१३ च्या जुलैमध्ये बंद झाली. 'गूगल प्लस' २०११ साली आलं, माणसांची 'वर्तुळं' करायची त्यात मोठी हौस होती. ते सामान्यांसाठी २०१९ च्या एप्रिलमध्ये बंद झालं. फेसबुकने याद्या वेगळ्या वाचण्याची सोय काढल्याचं मघाशी सांगितलंच. तेव्हा आपल्या महत्त्वाच्या दोन-तीन याद्या साध्या डायरीत हाताने लिहून ठेवाव्यात. फोन नंबरासकट. मोबाइल हरवला, बिघडला, पुरात भिजला, तर डायरी कामाला येते.

आणि सगळंच यादीत बसवू नये. दिवसातला काही वेळ त्या मोठ्या प्रवाहातही हिंडावं. बाजारात यादी घेऊन गेलो तरी वाटेत सीताफळं चांगली दिसली तर आपण घेतोच की. अनोळखी माणसाची एखादी ओळ, कधी न पाहिलेल्या गावाचा फोटो, हे यादीबाहेरूनच येतं. फक्त आधी यादीतलं सामान घ्यावं, मग हिंडावं. उलट केलं की पिशवी भरते आणि घरी मीठ नसतं.

आज रात्री एक करून पाहा. मोबाइल बाजूला ठेवा. एक कागद घ्या आणि ज्यांचा निरोप चुकला तर आपल्याला वर्षभर रुखरुख लागेल अशी दहा नावं लिहा. मोबाइलमध्ये बघून लिहू नका, आठवून लिहा. पाच-सहा नावं लगेच येतील. मग हात थांबेल, आणि सातवं नाव बहुधा अशा कुणाचं येईल ज्याच्याशी कित्येक महिन्यांत बोलणं झालेलं नाही. दहा नावं झाली की व्हॉट्सअॅप उघडून त्यांची यादी करा. आणि ते सातवं नाव जे आलं, त्यांना यादीत घालण्याआधी एक फोन करा.